‘आम्ही’ म्हणायची सवय आणि सिव्हिलमधले नऊ इंटरव्ह्यू

मी २०२४ ला पेन्शन आलो. फौजेत असंच म्हणतात, रिटायर झालो असं कोणी म्हणत नाही. १९९६ ला ड्रायव्हर म्हणून भरती झालो, आर्मी सर्व्हिस कोर, म्हणजे फौजेला रेशन, डिझेल-पेट्रोल आणि वाहतूक पुरवणारी कोर, आणि नायब सुभेदार होऊन २८ वर्षांनी बाहेर पडलो. वय ४७. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, मुलगा दहावीत, घरी बसून राहणं परवडणारंही नव्हतं आणि मला जमणारंही नव्हतं. पहिल्या इंटरव्ह्यूपासून ऑफर लेटर हातात पडेपर्यंत सात महिने गेले आणि एकूण नऊ इंटरव्ह्यू झाले. त्यातले पहिले पाच का फुकट गेले ते मला आता नीट कळलंय आणि म्हणूनच हे लिहितोय, कारण माझ्या मागून येणाऱ्या पोरांचे रेझ्युमे मला व्हॉट्सॲपवर येतात आणि त्यात तेच असतं जे माझ्यात होतं.

आधी सिक्युरिटीचं सांगतो. पेन्शनच्या आधी वर्षभर ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, सिक्युरिटी सुपरवायझर बघ, फौजीला लगेच घेतात. मी त्या कामाला अजिबात कमी समजत नाही, माझ्या बॅचचे कितीतरी जण ते काम इमानदारीने करतायत आणि त्यावर पोरांची शिक्षणं झालीत. पण माझ्या २८ वर्षांतली निदान वीस तरी गाड्या, ड्रायव्हर, स्टोअर आणि रस्ता यातच गेली. माल लोड कसा करायचा, कुठला ड्रायव्हर कुठल्या गाडीवर द्यायचा, रात्रीच्या घाटात किती अंतर ठेवायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मग ते सगळं बाजूला ठेवून मी गेटवर का उभा राहू? कंपन्यांमध्ये ट्रान्सपोर्ट आणि वेअरहाऊसची कामं असतातच की. तर ठरवलं की फ्लीट नाहीतर डिस्पॅचचंच काम बघायचं, उशीर लागला तरी चालेल.

डायरेक्टोरेट जनरल रिसेटलमेंट, म्हणजे डीजीआर, संरक्षण मंत्रालयाखाली येतं आणि नोकरीच्या शेवटच्या काळात कोर्स करायला पाठवतं. जेसीओ, म्हणजे नायब सुभेदारापासून वरचे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, आणि जवानांना त्याची फी पडत नाही. मी लॉजिस्टिकचा केला. ज्यांची सर्व्हिस अजून बाकी आहे त्यांना हात जोडून सांगतो, हा कोर्स सोडू नका आणि जो मिळेल तो घेऊ नका, आपल्या कामाच्या जवळचा घ्या. लीड टाईम, फिल रेट, टर्नअराऊंड टाईम हे शब्द मी तिथेच पहिल्यांदा ऐकले आणि लक्षात आलं की अरे, हे तर आपण करतच होतो फक्त नावं वेगळी होती. पण स्वतःबद्दल कसं बोलायचं ते तिथे शिकवलं नाही, किंवा शिकवलं असेल तर माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं नाही.

पहिला रेझ्युमे मी स्वतः बनवला, चार पानी. सगळी पोस्टिंग, सगळे कोर्स, मेडल, प्रमोशन केडर म्हणजे बढतीसाठीचा कोर्स, आणि शेवटी डिस्चार्ज बुकात लिहिलेला शेरा, कॅरेक्टर एक्झम्प्लरी. आपल्याला माहितीये हा शब्द मिळवायला काय लागतं, वर्षानुवर्षं रेकॉर्ड साफ ठेवावं लागतं. पण एचआरला तो शब्द नुसता शब्द आहे. दीड महिना एक फोन नाही. मग एक दिवस मुलीने ती चार पानं वाचली आणि म्हणाली, बाबा, यात तुम्ही कुठे होता ते सगळं लिहिलंय, पण तुम्ही रोज काय करत होता ते कुठेय? मी म्हटलं अगं लिहिलंय की, प्लाटून कमांडर, एमटी जेसीओ, म्हणजे युनिटच्या गाड्या बघणारा जेसीओ. ती म्हणाली, ते नाव झालं, काम कुठेय. मला त्या दिवशी राग आला होता हे खरं सांगतो. २८ वर्षं नोकरी केली आणि घरातलीच पोर विचारते काम कुठेय. पण दोन दिवसांनी परत वाचलं तेव्हा कळलं की तिला कळलं नाही तर कंपनीतल्या अनोळखी माणसाला कसं कळणार, ती तर लहानपणापासून माझ्याबरोबर क्वार्टरमध्ये राहिलेली आहे.

पहिले पाच इंटरव्ह्यू साधारण एकसारखेच झाले. वेळेच्या अर्धा तास आधी पोचायचो, इस्त्रीचे कपडे, सगळे कागद फाईलमध्ये नंबर टाकून. समोरचे खूप आदराने बोलायचे, एका ठिकाणी तर साहेब उठून उभे राहिले आणि हात मिळवला. मग प्रश्न यायचा, तुमच्याबद्दल सांगा, आणि मी भरतीपासून सुरू करायचो, कुठल्या साली कुठे, कुठलं ट्रेनिंग, आणि पाच मिनिटांनी समोरच्याची नजर लॅपटॉपकडे जायची. मग विचारायचे, यात तुमचा स्वतःचा रोल काय होता, आणि मी म्हणायचो सर, आम्ही कॉन्व्हॉय (गाड्यांचा ताफा) घेऊन जायचो, आम्ही गाड्या मेंटेन ठेवायचो, आम्हाला जो टास्क मिळेल तो आम्ही पूर्ण करायचो. पंधरा-वीस मिनिटांत संपायचं. शेवटी सर, तुमच्याबद्दल खूप आदर आहे, कळवतो. कोणी कळवलं नाही.

हे ‘आम्ही’ कुठून येतं ते सिव्हिलच्या माणसाला सांगूनही कळणार नाही. युनिटमध्ये जो ‘मी केलं’ म्हणतो त्याच्याकडे लोक चांगल्या नजरेने बघत नाहीत. काम प्लाटूनचं असतं, नाव कंपनीचं होतं. रिपोर्ट पण आपण तसाच देतो, गाड्या पोचल्या, लोड उतरला, सब ठीक. कोणी पोचवल्या ते त्या वाक्यात नसतंच. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षापासून जी भाषा तोंडात बसली ती ४७ व्या वर्षी एका इंटरव्ह्यूसाठी बदलायची म्हणजे मला आतून खोटं बोलल्यासारखं वाटायचं. माझ्याबरोबर जे ड्रायव्हर होते, ज्यांनी उणे तापमानात गाडीखाली झोपून काम केलंय, त्यांचं काम मी माझ्या नावावर सांगतोय असं वाटायचं. हे मी आजही चुकीचं वाटणं मानत नाही. पण समोरचा तर एकाच माणसाला नोकरीवर घेणार असतो, सगळ्या प्लाटूनला नाही, आणि तो एक माणूस काय करू शकतो हे त्याला कळायलाच पाहिजे.

यातून वाट निघाली ती एका वहीमुळे. मुलीने सांगितलं, बाबा, रेझ्युमे राहू दे, तुम्ही मला नुसते प्रसंग सांगा, मी लिहिते आणि प्रत्येक प्रसंगाला मी एकच प्रश्न विचारणार, हे ठरवलं कोणी? दोन आठवडे रोज रात्री तासभर बसलो. तिने पानाचे तीन भाग केले. एकात जे वरून ऑर्डर आली म्हणून केलं, दुसऱ्यात जे मी साहेबांना सुचवलं आणि त्यांनी मान्य केलं, तिसऱ्यात जिथे विचारायलाच कोणी नव्हतं म्हणून मी ठरवलं. मला वाटलं होतं तिसरा भाग रिकामा राहील, कारण फौजेत सगळं ऑर्डरवर चालतं असं आपण स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. तर तिसऱ्या भागात सतरा प्रसंग निघाले आणि दुसऱ्यात त्याहून जास्त. यातलं कुठलंच मी कधी कोणाला सांगितलेलं नव्हतं, बायकोला पण नाही.

त्यातला एक इथे लिहितो. जागा, तारीख, युनिट, गाड्यांचा आकडा लिहिणार नाही आणि इंटरव्ह्यूमध्येही सांगितला नाही, १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट पेन्शन आल्यावर सुटत नाही. काही जण समोरच्यावर छाप पाडायला लोकेशन आणि आकडे सांगतात, ते करू नका. त्याची गरजही नसते. मी सुरुवातीलाच सांगायचो की सर, ठिकाण आणि संख्या सांगणार नाही, बाकी सगळं सांगतो, आणि एकानेही हरकत घेतली नाही.

तर लडाखकडे झोजिलावरून रस्ता जातो, साधारण साडेअकरा हजार फूट, हिवाळ्यात बर्फाने बंद पडतो, म्हणून वरच्या लोकांचा हिवाळ्याचा साठा आधीच चढवून ठेवायचा असतो, त्याला ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग म्हणतात आणि हे काही गुपित नाही, पेपरात येतं. अशाच एका उंचावरच्या खिंडीत, सीझन संपत आलेला, मी कॉन्व्हॉयच्या मागच्या भागाला होतो. दुपारनंतर बर्फ सुरू झाला. मागच्या एका गाडीचा पिकअप तुटायला लागला, थंडीत साध्या डिझेलमधलं मेण जमतं आणि फिल्टर चोक होतो, तेच झालं होतं. पुढे अधिकारी होते त्यांच्याशी वायरलेस सेट लागेना. माझ्याकडे चार ड्रायव्हर असे होते ज्यांनी तो पट्टा अंधारात कधी चालवला नव्हता. दोनच गोष्टी करता येत होत्या, बिघडलेली गाडी रिकव्हरीवाल्यांकडे सोडून बाकीच्या घेऊन उजेड आहे तोवर चढायचं, नाहीतर वळणाच्या आधी रस्ता जिथे रुंद होता तिथे सगळ्या उभ्या करायच्या. मी उभ्या केल्या. प्रत्येक गाडीला दोन माणसं केबिनमध्ये, पाळीपाळीने इंजिन सुरू ठेवायचं, काच बोटभर उघडी, कारण बंद केबिनमध्ये इंजिन चालू ठेवून झोपलं तर गॅसने माणूस जातो. मी रात्रभर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काचा वाजवत फिरलो आणि आतून आवाज आल्याशिवाय पुढे गेलो नाही. सकाळी चेन लावून निघालो. नऊ तास उशीर. सगळ्या गाड्या, सगळी माणसं, सगळा लोड पोचला.

दुसऱ्या इंटरव्ह्यूमध्ये हाच प्रसंग मी सांगितला होता आणि काय सांगितलं होतं माहितीये? सर, हवामान खराब झाल्याने कॉन्व्हॉय थांबवण्यात आला आणि सकाळी सर्व गाड्या सुखरूप पोचल्या. एक वाक्य. समोरच्याने मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. आठव्यात मी तोच प्रसंग असा सांगितला की परिस्थिती ही होती, माझ्यासमोर हे दोन मार्ग होते, मला या तीन गोष्टी माहिती होत्या आणि ही एक माहिती नव्हती, मी हे निवडलं, त्याची किंमत नऊ तास उशीर, आणि निकाल हा. तेव्हा ऑपरेशन हेडनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, निर्णय चुकला असता तर? मी म्हटलं सर, जाब मलाच द्यावा लागला असता आणि तो द्यायची तयारी ठेवूनच गाड्या थांबवल्या. मग काचांबद्दल विचारलं, कोणी झोपलेलं सापडलं का. मी म्हटलं, एक सापडला, त्याला खाली उतरवून माझ्याबरोबर फिरवलं. त्या एका प्रसंगावर दहा मिनिटं गेली. ती नोकरी दुसऱ्या कारणाने मिळाली नाही, ते पुढे सांगतो, पण त्या दिवशी घरी येताना मला पहिल्यांदा वाटलं की समोरच्याला आपण दिसलो.

इंटरव्ह्यू शिकवणारे जी सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्टची पद्धत सांगतात ती आपल्याला नवीन वाटायचं कारणच नाही. आपण ॲप्रिसिएशन, म्हणजे कामाआधीचा लेखी विचार, लिहायला शिकतो, एम (उद्दिष्ट) काय, फॅक्टर काय, कोर्सेस ओपन (समोरचे मार्ग) किती, त्यातला कुठला निवडला आणि का. सगळं तेच. फक्त ते आपण होणाऱ्या कामाबद्दल लिहितो, झालेल्या कामाबद्दल कोणाला सांगत नाही. ज्यांनी प्रमोशन केडर केलाय त्यांनी आपला एक जुना प्रसंग घेऊन त्याच चार मथळ्यांखाली लिहून काढा, उत्तर तयार होतं, वेगळा क्लास लावायची गरज नाही.

आणि ‘आम्ही’ मी पूर्ण सोडलं नाही. थांबवायचं ‘मी’ ठरवलं, रात्र ‘आम्ही’ काढली. असं सांगितलं की मनाला पण पटतं आणि समोरच्याला पण कळतं की हा माणूस दुसऱ्याचं श्रेय खाणारा नाही.

आता बजेटचा प्रश्न, हा मला तीन ठिकाणी आला. किती रकमेचं बजेट हँडल केलंय? पहिल्यांदा मी म्हटलं, काहीच नाही सर. खरंच उत्तर होतं, पैसा आपल्या हातात येतच नाही. पण त्याने समोरच्याला वाटलं की याला खर्चाचं काही कळत नाही, आणि ते साफ खोटं होतं. वहीवर बसलो तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडे रुपये नव्हते पण डिझेल लिटरमध्ये होतं, टायर आणि बॅटऱ्या नगात होत्या आणि एकेकाचा हिशोब द्यावा लागत होता. प्रत्येक गाडीची कार डायरी असते, रोजचे किलोमीटर, रोजचं तेल, आणि केपीएल, म्हणजे लिटरमागे किलोमीटर, पडला की मी गाडी बाजूला घ्यायचो. एका गाडीचा केपीएल सलग तीन आठवडे कमी येत होता, सगळ्यांचा संशय ड्रायव्हरवर, पोरगा बिचारा रडकुंडीला आलेला. मी त्याच्याबरोबर एक फेरी मारली आणि परत आल्यावर चारी चाकांच्या ड्रमजवळ हात नेऊन बघितला, मागचं डावं चाक असं तापलेलं की हात ठेववेना. ब्रेक शू सुटतच नव्हता, गाडी दिवसभर अर्धा ब्रेक दाबून चालत होती. हे सांगितल्यावर प्लांटच्या माणसाने लगेच म्हटलं, आमच्याकडे हेच होतं, आम्ही ड्रायव्हर बदलतो आणि चाक कोणी बघत नाही. तेव्हापासून माझं उत्तर ठरलं, सर, रुपयातलं बजेट वरच्या पातळीवर होतं, माझ्याकडे माल आणि तेल होतं, त्याचा हिशोब असा ठेवायचो.

आपले शब्द पण कंपनीच्या शब्दांत सांगावे लागतात. व्हीओआर म्हणजे व्हेईकल ऑफ रोड, किती गाड्या बंद पडून आहेत तो आकडा आपण रोज सकाळी देतो. कंपनीत त्यालाच उलट्या बाजूने बघतात आणि फ्लीट अव्हेलेबिलिटी म्हणतात, शंभरातल्या किती चालू. बोर्ड बसवून स्टोअर मोजतो ते इथे फिजिकल व्हेरिफिकेशन. कोर्ट ऑफ इन्क्वायरीला (फौजेतली चौकशी) मात्र रूट कॉज ॲनालिसिस म्हणू नका, मी एकदा म्हटलं आणि समोरच्याने लगेच विचारलं, म्हणजे शिक्षा कोणाला झाली ते शोधता का? दोन्हीत फरक आहे आणि तो आपल्याला माहिती असला पाहिजे.

जे येत नाही ते पण सांगावं लागतं. ट्रान्सपोर्टरशी भाड्याची घासाघीस मी आयुष्यात केली नव्हती. ई-वे बिल तर फौजेत बघितलंच नव्हतं, मग मी बसून वाचलं, साधारणपणे पन्नास हजारांच्या वरच्या मालाला लागतं, दोनशे किलोमीटरला एक दिवस व्हॅलिडिटी मिळते, मुदत संपली आणि गाडी रस्त्यात अडकली की दंड. नवव्या इंटरव्ह्यूत मी स्वतःहून सांगितलं की दर ठरवायचा मला अनुभव नाही, तीन महिने कोणाच्या तरी हाताखाली शिकावं लागेल, पण गाडी रस्त्यावर असताना काय होऊ शकतं ते मला तुमच्या इथल्या कोणापेक्षा कमी माहिती नाही. हे बोलताना छातीत धडधडत होतं पण बोललो.

वयाचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला आणि तो फार अवघडून विचारतात. तुमचा रिपोर्टिंग मॅनेजर एकतीस वर्षांचा असेल, चालेल का? पहिल्या दोन वेळा मी नुसतं म्हटलं, हो सर, काही प्रॉब्लेम नाही. त्यांना ते खरं वाटलं नाही, तोंडावरून कळत होतं. नंतर मी सांगायला लागलो की सर, फौजेत लेफ्टनंट अकादमीतून येतो तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा असतो आणि नायब सुभेदार चाळीशी ओलांडलेला असतो. मी त्याला पहिल्या दिवसापासून सलाम करतो आणि पहिल्या दिवसापासून त्याला काम पण दाखवतो. माणसांसमोर त्याचा शब्द अंतिम, पण बंद खोलीत मी त्याला सांगतो साहेब, हे असं केलं तर पोरं थकतील, आणि चांगला अधिकारी ऐकतो. असे कितीतरी तरुण अधिकारी मी बघितले, काही आज कर्नल आहेत आणि अजून फोन करतात. हे ऐकल्यावर एका बाईंनी, त्या स्वतःच प्लांट एचआर होत्या, वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, आमच्याकडे नवीन मॅनेजर आणि जुने सुपरवायझर यांचंच जमत नाही. जेसीओ लोकांनी ही गोष्ट स्वतःहून काढावी, प्रश्न येईपर्यंत थांबू नये. दुसऱ्या कोणत्याच नोकरीत हे काम इतकी वर्षं इतकं रोजचं नसतं.

तसाच दुसरा प्रश्न, तुमच्याकडे माणूस ऑर्डर ऐकतो, आमच्याकडे उद्या राजीनामा देईल, मग काय कराल. यावर चिडायचं नाही, मी एकदा चिडलो होतो आणि ते दिसलं. बाहेरच्या लोकांना फौज म्हणजे आवाज चढवणं वाटतं. मी त्यांना एका ड्रायव्हरचं सांगितलं, सुट्टीवरून आला, काम नेहमीसारखं करत होता, पण संध्याकाळच्या रोल कॉलला मी बघितलं की याने दोन दिवस दाढी नीट केलेली नाही. एवढ्यावरून विचारलं तर घरी जमिनीचं भांडण, भावाने आईला बाहेर काढलेलं. त्याला रात्रीच्या गाडीवरून काढलं, दिवसाच्या गाडीवर टाकलं आणि सीओ साहेबांकडून (युनिटचे कमांडिंग ऑफिसर) जिल्हा सैनिक बोर्डाला पत्र लिहून घेतलं. ऑर्डर दिली असती तर तो रात्रीची गाडी घेऊन गेलाच असता, पण त्या डोक्याने घाटात गेला असता. माझं काम तो गेल्यावर रिपोर्ट लिहायचं नाही, जायच्या आधी ओळखायचं होतं. कंपनीचा ड्रायव्हर पण राजीनामा द्यायच्या आधी दोन दिवस काहीतरी वेगळा वागत असणारच.

बोलण्याच्या पद्धतीचं थोडक्यात. मुलीने मोबाईलवर रेकॉर्ड करून दाखवलं, प्रत्येक वाक्याला सर आणि आवाज परेडचा. आवाज खाली आणायला महिना लागला, सर अजून पूर्ण गेलेलं नाही आणि मी ते सोडून दिलं. भाषेचं मी सुरुवातीलाच विचारून घ्यायचो, हिंदीत बोललं तर चालेल का, कामाचे शब्द इंग्लिशमध्ये सांगतो. कोणीच नाही म्हटलं नाही. तोडक्या इंग्लिशमध्ये चांगला प्रसंग वाया घालवू नका.

आता आठव्या इंटरव्ह्यूचं. सगळं छान झालं, ऑपरेशन हेड खूश, आणि मग पगाराच्या बोलणीला वेगळे गृहस्थ आले. लास्ट सीटीसी, म्हणजे मागचा एकूण पगार, विचारला. मी स्लिप दाखवली, बेसिक, डीए, मिलिटरी सर्व्हिस पे ५२०० रुपये, त्यांना काही समजेना. मग त्यांनी पोस्टच्या ठरलेल्या पगारापेक्षा बराच कमी आकडा सांगितला आणि म्हणाले, तुम्हाला पेन्शन तर येतेच ना, कॅन्टीन आहे, हॉस्पिटल आहे. मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. उठलो, नमस्कार केला आणि आलो. घरी येईपर्यंत मनात तेच चाललं होतं. पेन्शन मी केलेल्या २८ वर्षांची आहे, त्यातली कितीतरी घरापासून लांब, मुलीचा जन्म झाला तेव्हा मी नव्हतो, वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी पोचलो. ती कंपनीला सूट द्यायला मिळालेली नाही. ज्या कामाला दुसऱ्या माणसाला जो पगार तोच मला पाहिजे, एक रुपया जास्त नको. हे मी लिहून ठेवलं आणि नवव्या ठिकाणी पगाराचं बोलणं निघाल्यावर शांतपणे एवढंच सांगितलं, सर, पेन्शन मागच्या कामाची आहे, या कामाचा तुमचा जो दर असेल तो द्या. आणि क्वार्टर, रेशन, औषधपाणी असं मिळत होतं त्याचा हिशोब आधीच कागदावर मांडून नेला होता म्हणजे जुन्या स्लिपवरून त्यांनी आकडा काढू नये. मान्य झालं. भाऊ लोकहो, कृपा करून कमी पगारावर हो म्हणू नका, तुमच्या मागून येणाऱ्याला तोच आकडा दाखवतात.

नववी कंपनी दोन राऊंडमध्ये संपली. दुसऱ्या राऊंडला मला ऑफिसात बसवलंच नाही, डॉकवर नेलं आणि विचारलं, बघून काय वाटतं. तीन गाड्या लोडिंगला लागलेल्या. मी पंधरा मिनिटं काही बोललो नाही. मग सांगितलं की जड माल मागे भरताय, पुढच्या चाकावर वजन नाही, घाटात स्टिअरिंग हलकं पडेल, आणि दोन नंबरच्या गाडीचा ड्रायव्हर अजून झोपलेला आहे, तो रात्री चालवून आलाय आणि लगेच परत जाणार आहे का ते विचारा. विचारलं तर जाणारच होता. संध्याकाळी फोन आला.

ऑफरनंतर बॅकग्राऊंड व्हेरिफिकेशनचा फॉर्म आला ऑनलाईन. मागच्या कंपनीचं नाव, एचआरचा ईमेल, रिपोर्टिंग मॅनेजरचा मोबाईल, रिलिव्हिंग लेटर. माझा शेवटचा रिपोर्टिंग मॅनेजर फिल्ड एरियात आणि रेकॉर्ड ऑफिसचा असा ईमेल मी कुठून देऊ. चार दिवस फॉर्म पुढे सरकेना, लाल अक्षरात इनकम्प्लिट. शेवटी एचआरच्या मुलीला फोन केला, ती म्हणाली सर, काय कागद आहेत तुमच्याकडे, मी म्हटलं डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनची ऑर्डर. दोन्ही स्कॅन करून पाठवले, डिस्चार्ज बुकाचं प्रत्येक पान, एक्झम्प्लरी लिहिलेलं पण. तिने सगळं वाचलं असणार कारण तासाभराने तिचा परत फोन आला, सर, रिलिव्हिंग लेटरच्या जागी हेच लावते, फक्त एक रकाना राहिलाय, नोकरी सोडण्याचं कारण. यादीत बेटर अपॉर्च्युनिटी, पर्सनल रिझन असं काय काय होतं, मी म्हटलं, अदर टाका आणि पुढे लिहा, सेवाकाल पूर्ण.

सोमवारी सकाळी सहाला डॉकवर पोचलो, शिफ्ट सातची होती.